पडद्यावरचं वेड, घरातला आजार

नायकाच्या गाडीला अपघात होतो, डोक्याला मार लागतो. दवाखान्यात डोळे उघडल्यावर तो विचारतो, “मी कोण आहे?” समोर उभ्या असलेल्या आईलाही तो ओळखत नाही. मध्यंतरानंतर हाणामारीत पुन्हा डोक्यात लाठी बसते आणि सगळं परत येतं. आई, प्रेयसी, लहानपणीचं गाणं, खलनायकाचा चेहरा. ही गोष्ट कोणत्याही सोलापूरकराला अर्ध्यावर सोडून सांगा, उरलेली तो स्वतः पुरी करेल. त्यालाच विचारा, तुमच्या गल्लीत, नात्यात, कारखान्यात असं कुणाचं झालेलं पाहिलंय का? डोक्याला मार लागलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली असतात. स्वतःचं नाव विसरलेला आणि दुसऱ्या फटक्याने बरा झालेला माणूस मात्र कुणीच पाहिलेला नसतो.

आता उलटी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारण तीनशे माणसांत एकाला स्किझोफ्रेनिया असतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. जागतिक सरासरीच लावली तर एकट्या शहरात तीन हजारांच्या आसपास माणसं, म्हणजे तीन हजार घरं. तरीही हा आजार सुरुवातीला कसा दिसतो, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही.

जे जवळजवळ कधीच घडत नाही ते आपल्याला तोंडपाठ, आणि जे शेजारच्या दाराआड चाललंय ते ओळखू येत नाही. हे असं का, याचं बरंचसं उत्तर चित्रपटाच्या घडणीत आहे.

आठवण कशी विणली जाते

आधी त्या डोक्यावरच्या फटक्याचा निकाल लावू. मागावर चादर विणताना ताण्याच्या उभ्या धाग्यांतून धोटा बाण्याचा धागा नेतो, फणी तो ठोकून बसवते आणि तयार झालेलं कापड रुळावर गुंडाळलं जातं. मध्येच काही बिघडलं आणि धागे तुटले, तर खराब होतात त्या नुकत्या विणलेल्या शेवटच्या काही ओळी. रुळावर गुंडाळलेल्या कापडाला सहसा धक्का लागत नाही.

आठवणींचंही तसंच आहे. नवी आठवण पक्की व्हायला वेळ लागतो. त्या कामात मेंदूच्या आतल्या भागातला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग महत्त्वाचा असतो. डोक्याला जोराचा मार बसला की अपघाताच्या आधीचे आणि नंतरचे काही तास, कधी काही दिवस पुसले जातात, कारण ते अजून ठोकून बसलेलेच नसतात. आपलं नाव, आई, गाव, मातृभाषा हे सगळं खोलवर गुंडाळलेलं कापड असतं. म्हणून अपघातातून शुद्धीवर आलेला माणूस “मी कोण?” असं क्वचितच विचारतो. तो विचारतो “मी इथं कसा आलो?”, आणि तेच पुन्हा पुन्हा विचारतो. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर स्वतःची ओळख विसरल्याच्या घटना असतात, पण त्या विरळा. दुसऱ्या फटक्याने मेंदूची इजा वाढते, एवढंच.

या बाबतीत ‘गजिनी’ (२००८) खऱ्याच्या थोडा जवळ जातो. त्यातल्या नायकाच्या जुन्या आठवणी शाबूत आहेत, नव्या टिकत नाहीत. असं खरोखर होऊ शकतं. अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलायसन नावाच्या तरुणावर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला रोज भेटणारी माणसंसुद्धा नवीच वाटत राहिली. आपलं नाव आणि लहानपण मात्र तो विसरला नाही. अशा अवस्थेत अंगावर गोंदून घेऊन, योजना आखून सूड उगवता येईल, ही भर सिनेमाची.

कॅमेऱ्याची अडचण

चित्रपट बनवणारे लोक निष्काळजी असतात म्हणून हे सगळं होतं, असं मला वाटत नाही. काही तसे असतात. पण मूळ अडचण माध्यमाची आहे. मनाचा आजार आत असतो आणि कॅमेरा बाहेर. आजार महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो, चित्रपटाला अडीच तास मिळतात. आजाराला बहुधा एकच एक कारण नसतं, अनुवंश, मेंदूतली रसायनं, ताण, नशा असं बरंच काही एकत्र येतं. पटकथेला मात्र कारण लागतं आणि शेवटही लागतो.

म्हणून चांगले चित्रपटसुद्धा ठरावीक वळणं घेतात. ‘चौकट राजा’ (१९९१) हा मराठीतला मनापासून केलेला चित्रपट. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. पण नंदूची बुद्धी लहानपणच्या अपघाताने खुंटली, असं तिथे दाखवावं लागलं. प्रत्यक्षात बौद्धिक अपंगत्व बहुतेकदा जन्मापासून किंवा जन्माच्या आसपासच्या कारणांनी येतं, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. कारण न सापडणं हेच आईबापांना सगळ्यात जास्त छळतं. पडद्यावर ते दाखवायला फार अवघड.

दुसरं वळण म्हणजे जे ऐकू येतं ते दिसायला लावणं. जॉन नॅश या गणितज्ञावरच्या ‘अ ब्युटिफुल माइंड’ (२००१) या चित्रपटात त्याला खोटी माणसं दिसतात, तो त्यांच्याशी गप्पा मारतो. खऱ्या नॅश यांचा त्रास मुख्यतः आवाजांचा होता. स्किझोफ्रेनियात भास होतात ते बहुतांशी कानाचे. कुणी शिव्या देतंय, कुणी आपल्या प्रत्येक हालचालीवर बोलतंय, कुणी हुकूम सोडतंय.

हे आवाज येतात कुठून? आपण सगळेच मनातल्या मनात बोलत असतो. बोलण्याची तयारी करणारा मेंदूचा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवून ठेवतो, की हे आपलंच आहे, दचकू नकोस. स्वतःच स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचं कारणही हीच पूर्वसूचना. भास होणाऱ्या माणसात ही सूचना नीट पोचत नाही, असं मानलं जातं. काही प्रयोगांत अशा रुग्णांना स्वतः केलेल्या गुदगुल्याही इतरांपेक्षा जास्त जाणवल्या. सूचना पोचली नाही की आपलाच विचार परक्याच्या आवाजात कानावर येतो. त्यात डोपामिन या रसायनाचं प्रमाण बिघडलं की कुठल्याही क्षुल्लक गोष्टीला मोठा अर्थ चिकटतो. रस्त्यावरचा माणूस सहज खोकला तरी तो मला इशारा वाटतो. औषधं मुख्यतः हे डोपामिनचं काम आवरतात. त्यांचा पुरता परिणाम दिसायला आठवडे जातात, आणि ती दीर्घकाळ घ्यावी लागतात.

एकाच शरीरात दोन माणसं राहतात, दिवसा एक आणि रात्री दुसरा, हा ‘भूलभुलैया’ (२००७) किंवा ‘अपरिचित’ या चित्रपटांतला प्रकार म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. तो वेगळा विकार. पण आपल्याकडे दोन्ही एकच समजले जातात. शिवाय ‘भूलभुलैया’त एका रात्रीच्या नाटकाने बाई बरी होते. हे पाहिलेल्या घराला, सहा महिने गोळ्या चालू ठेवा असं डॉक्टर सांगतात, तेव्हा डॉक्टरांवरच शंका येते.

‘देवराई’ने काय वेगळं केलं

इथे सोलापूरचा एक धागा येतो. हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेले, ‘नाट्य आराधना’ या सोलापूरच्या हौशी संस्थेतून रंगभूमीवर आलेले आणि पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेले अतुल कुलकर्णी. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. त्यानंतर २००४ मध्ये आलेल्या ‘देवराई’त त्यांनी शेष देसाई हा स्किझोफ्रेनिया झालेला माणूस उभा केला. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं.

या चित्रपटामागची माणसं पाहिली की तो वेगळा का झाला ते कळतं. भावे मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि शिक्षक, सिनेमाकडे त्या नंतर वळल्या. चित्रपटाला पुढाकार होता डॉ. जगन्नाथ वाणी यांचा. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्र शिकवत. हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता आणि त्यातूनच पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. ज्यांना आजाराचं रोजचं रूप माहीत आहे, तीच माणसं गोष्ट ठरवत होती.

शेषला गावच्या देवराईचा ध्यास आहे. आधी तो नुसता हुशार, तऱ्हेवाईक माणसाचा ध्यास वाटतो आणि मग हळूहळू त्याची हद्द ओलांडली जाते. नेमकी कधी, ते घरच्यांना कळत नाही. माझ्या मते ‘देवराई’चं सगळ्यात मोठं यश हेच आहे. आजार कुठल्या क्षणी सुरू झाला हे सांगता येत नाही, ही गोष्ट चित्रपट लपवत नाही. दुसरं, त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) गोष्टीच्या मध्यभागी आहे. तिचा संसार, तिची दमछाक, तिची चिडचिड आणि त्यानंतरची खंत. कॅमेऱ्याला रुग्णाच्या डोक्यात शिरता येत नसेल तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवता येतो. शेवटी जादूने कुणी बरं होत नाही. औषधं आहेत, डॉक्टर आहेत, आणि समजून घ्यायला शिकलेलं घर आहे.

दारात आलेला आजार ओळखू का येत नाही

पडद्यावरचा वेडा केस पिंजारतो, मोठ्याने हसतो, अंगावर धावून येतो. त्यामुळे कॉलेजात जाणारा मुलगा आंघोळ टाळू लागला, रात्र रात्र जागू लागला, जेवणाचं ताट खोलीत मागू लागला, शेजारी माझ्याबद्दलच बोलतात म्हणाला, की घरचे म्हणतात आळशी झालाय, प्रेमभंग झाला असेल, मोबाइलमुळे होतंय. वेडाचं जे चित्र मनात ठसलंय त्यात हा मुलगा बसतच नाही. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणजे नेमका त्या वयात, जेव्हा असं वागणं वयाच्या नावावर सहज खपतं.

पुढे त्रास वाढला की घरात कुजबुज सुरू होते, “बाहेरचं काहीतरी आहे.” मग गाणगापूर. सोलापूरहून कलबुर्गीच्या गाडीत बसलं की जवळच. तिथे आरतीच्या वेळी बाधा झालेली म्हणून आणलेली माणसं घुमतात, ओरडतात, ते दृश्य अनेकांनी पाहिलेलं असतं. दत्तमहाराजांवरच्या श्रद्धेविषयी मला काहीच म्हणायचं नाही, संकटातल्या घराला तिचा आधार होतो. मला काळजी आहे ती मधल्या महिन्यांची. आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो तितकं नंतर सावरणं अवघड जातं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. दर्शनालाही जा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही जा.

आणि भीती. हिचकॉकच्या ‘सायको’पासून (१९६०) खुनी म्हणजे मनोरुग्ण हे समीकरण पक्कं झालं. वस्तुस्थिती अशी की गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत. मारहाण, फसवणूक, घराबाहेर काढलं जाणं हे त्यांच्याच वाट्याला जास्त येतं. धोका वाढतो तो मुख्यतः नशा आणि उपचार न मिळणं यांची जोड असली तर.

चौकट : सुरुवात कुठून करायची?
सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, मनोविकार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात भरती करणं ही पहिली पायरी नव्हे. बहुतेक रुग्णांचे उपचार बाह्यरुग्ण विभागातून, घरी राहूनच होतात. ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत येतात.

शॉकची भीती

डॉक्टरांनी विजेच्या उपचाराचं नाव काढलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’सारखं (१९७५) दृश्य येतं. बांधलेला माणूस, आचके देणारं शरीर. हा चित्रपट न पाहिलेल्यांनी त्याच्या हिंदी नकला पाहिलेल्या असतात. आज हा उपचार पूर्ण भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात, शरीर जवळजवळ हलत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भुलीशिवाय तो देण्यावर बंदीच घातली आहे. काही काळ विसरभोळेपणा येतो, हे खरं. पण खाणंपिणं सोडलेल्या, जिवावर उदार झालेल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णाला तो अनेकदा वाचवतो.

‘कासव’ आणि ‘अस्तु’

भावे-सुकथनकर यांनी पुढे हाच रस्ता धरला. ‘कासव’ला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. त्यात जीव द्यायला निघालेला एक तरुण (आलोक राजवाडे) आहे आणि त्याला आसरा देणारी जानकी (इरावती हर्षे). ती त्याला खोदून विचारत नाही, उपदेश करत नाही. नैराश्य म्हणजे नुसतं दुःख नव्हे. झोप, भूक, अंगातलं बळ, निर्णय घेण्याची ताकद हे सगळंच त्यात आटतं. “हिंमत धर” म्हटल्याने ते परत येत नाही. चित्रपट या संथपणाला पुरेसा वेळ देतो. काही प्रेक्षकांना तो कंटाळवाणा वाटला. मला तो संथपणा आजाराशी प्रामाणिक वाटतो.

‘अस्तु’त (२०१३) डॉ. मोहन आगाशे स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री झाले आहेत. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या माणसाने रुग्ण साकारला आहे. अल्झायमरमध्ये मागावरचं कापड शेवटच्या टोकाकडून उसवत जातं. आजचा नाश्ता जातो, मग मुलीचं नाव जातं, पण कोवळ्या वयात पाठ केलेलं संस्कृत ओठांवर राहतं. मुलगी त्यांना गाडीत बसवून खाली उतरते, तेवढ्यात शास्त्रीबुवा एका हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माची भाषा कानडी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या प्रेक्षकाला तिचं बोलणं घरचं वाटेल. आजाराचं नावही तिला माहीत नाही. म्हातारा मूल झालाय हे मात्र तिला दिसतं, आणि ती त्याला मुलासारखं भरवते. उलटतपासणी न करणं, चुका न काढणं, आवाज मऊ ठेवणं, हेच आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना प्रशिक्षणात शिकवतात.

नाचणारी अक्षरं

‘तारे जमीन पर’ने (२००७) डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला, त्याचे उपकार मोठे आहेत. ‘ढ’ म्हणून मार खाणाऱ्या कित्येक मुलांकडे शिक्षक नव्याने पाहू लागले. पण त्यातल्या छोट्या ईशानच्या वहीतली अक्षरं नाचतात, उड्या मारतात, ही पुन्हा कॅमेऱ्याची तडजोड. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही. बोललेल्या शब्दाचे तुकडे पाडणं आणि प्रत्येक तुकड्याला लिहिलेलं चिन्ह जोडणं, हे मेंदूचं काम तिथे अडखळतं.

देवनागरीत ही अडखळण वेगळ्या जागी होते. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर येतो. ‘धर्म’मध्ये रफार शेवटच्या अक्षरावर बसतो, पण र म्हणायचा असतो त्याच्या आधी. शिवाय ‘प्रकाश’मधला र निराळा आणि ‘राष्ट्र’मधला आणखी निराळा. सरावलेल्या डोळ्याला हे जाणवतच नाही. ध्वनी आणि चिन्ह यांची गाठ ज्या मुलाला कष्टाने मारावी लागते, त्याला प्रत्येक ओळीत हे अडथळे लागतात. उपाय आहे, पण तो चित्रपटातल्यासारखा एका गाण्यात संपत नाही. रोज थोडं थोडं, ध्वनी आणि अक्षर जोडत, महिनोन्‌महिने करावं लागतं.

सोलापुरात आणखी एक पेच आहे. विणकर वस्तीतल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अनेक घरांत कानडी, कुठे दखनी उर्दू, आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी. असं मूल अडखळत वाचत असेल तर ती अध्ययन अक्षमता आहे की शाळेची भाषाच अजून अंगवळणी पडलेली नाही, हे आधी तपासायला हवं. घरच्या भाषेत त्याला यमक जुळवता येतं का, शब्दाचे तुकडे पाडता येतात का, हे पाहिलं तर बराच उलगडा होतो. दोन्ही बाजूंनी चूक होते. कधी नुसत्या भाषेच्या अडचणीवर आजाराचा शिक्का बसतो, तर कधी खरी अक्षमता “घरी मराठी नाही ना” म्हणून दुर्लक्षित राहते.

वेगळेपणाची किंमत

ईशान शेवटी चित्रकलेची स्पर्धा जिंकतो. ‘रेन मॅन’मधला (१९८८) ऑटिस्टिक भाऊ आकड्यांचा जादूगार असतो. ज्या किम पीकवरून ते पात्र सुचलं, त्याच्यात अचाट स्मरणशक्ती होती, पण त्याला ऑटिझम नव्हता, असं नंतर तज्ज्ञांनी मानलं. अशी असामान्य देणगी ऑटिझम असलेल्या थोड्यांनाच असते. बाकीच्यांचं काय? कुकरच्या शिट्टीने कान झाकणारी, ठरलेला रस्ता बदलला की कासावीस होणारी, डोळ्याला डोळा न भिडवता प्रेम करणारी मुलं. त्यांच्या आईला नातेवाईक विचारतात, “याला काय विशेष येतं?” काही विशेष आलं तरच वेगळ्या मुलाला जागा मिळावी, ही अट चित्रपटांनी नकळत रुजवली.

यात बदल होतो आहे. ‘यलो’त (२०१४) डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली. ‘सितारे जमीन पर’मध्ये (२०२५) बास्केटबॉल संघातले दहा खेळाडू साकारणारे कलाकार स्वतः न्यूरोडायव्हर्जंट आहेत, म्हणजे त्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे. ‘आँख मिचौली’ या चित्रपटाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद आणि अपंगांना तुच्छ लेखणारा विनोद यांत फरक केला. वैद्यकीय स्थिती दाखवताना तिचा पुरेसा अभ्यास करावा, हिणवणारे शब्द टाळावेत, आणि ज्यांच्याविषयी चित्रपट आहे त्यांना लेखनापासून अभिनयापर्यंत सामील करून घ्यावं, असं त्यात सांगितलं आहे. यातलं अभ्यासाचं आणि घरच्यांना विचारण्याचं काम ‘देवराई’ने वीस वर्षं आधी करून ठेवलं होतं.